पुस्तकपेटी : पणजोबा आणि बोर्डनसाहेब

दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या घरी मागच्या महिन्यात सत्यनारायणाच्या प्रसादाला गेले होते. शिरा हातात पडतो न पडतो तोच घरातली मोठी नात लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. बी. ए.चं शेवटचं वर्ष, विषय इतिहास. ‘बडोद्याची ग्रंथालय चळवळ’ या विषयावर तिला चाळीस पानांचा प्रबंध लिहायचा होता आणि पहिला खर्डा तिच्या मॅडमनी परत पाठवला होता. वर लाल शाईत एकच शेरा होता : ‘संदर्भ तपासा.’

“मावशी, तुम्ही लायब्ररीत होतात ना इतकी वर्षं? मग जरा बघा. मला तर काहीच चुकीचं दिसत नाही.”

मी चष्मा लावला. शेवटच्या पानावर चौदा संदर्भ होते. लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल, सगळं अगदी टापटीप. इतकं टापटीप की मला तिथेच शंका आली. बडोद्याच्या जुन्या पुस्तकांवर काम केलेल्या माणसाची संदर्भसूची अशी कधीच नसते. कुठे प्रकाशकाचं नाव नसतं, कुठे साल कंसात घालून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेलं असतं, कुठे शके असतं तर कुठे संवत.

“ही यादी कुठून आणलीस?”

तिने खरं सांगितलं, हे मला आवडलं. आजकाल सगळे वापरतात त्या संगणकीय मदतनीसाला तिने विचारलं होतं आणि त्याने क्षणात यादी काढून दिली होती. आम्ही दोघींनी एकेक नाव घेऊन शोधायला सुरुवात केली. शिरा थंड झाला. चौदापैकी सहा पुस्तकं होती, तीन लेख होते पण साल किंवा नियतकालिक वेगळंच होतं, आणि उरलेली पाच या पृथ्वीतलावर कुठेही छापलेली आम्हाला सापडली नाहीत. त्यातल्या एकावर नाव होतं जनार्दन सखाराम कुडाळकरांचं. कुडाळकर हे खरे गृहस्थ. बडोदा संस्थानच्या ग्रंथालय खात्याचे ते प्रमुख होते आणि १९१९ साली त्यांनी ‘द बडोदा लायब्ररी मूव्हमेंट’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. पण यादीतलं पुस्तक ते नव्हतं. त्यांच्या नावावर भलतंच एक शीर्षक चिकटवलेलं होतं. नाव खरं, काळ जुळणारा, विषय नेमका तोच, फक्त पुस्तक नाही. अशी थाप पकडणं सर्वांत अवघड, कारण तिच्यातला तीन चतुर्थांश भाग खरा असतो.

मुलं मला म्हणतात, कॉलेजात साहित्यचोरी तपासणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातून पास झालं की झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याचे नियमच केले आहेत. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा. पण ते सॉफ्टवेअर साम्य मोजतं. जे पुस्तक कधी लिहिलंच गेलं नाही त्याच्याशी साम्य कुठून निघणार? खोटा संदर्भ त्या चाळणीतून सहज खाली उतरतो. तो पकडायला माणूसच लागतो, आणि या मुलीच्या नशिबाने तिच्या मॅडम तशा होत्या.

पण हा लेख त्या यादीबद्दल नाही. खरी गंमत पुढे आहे.

खर्ड्याच्या प्रस्तावनेत तिने अभिमानाने एक वाक्य लिहिलं होतं : ‘माझे पणजोबा हे विल्यम बोर्डन यांचे निकटचे सहकारी व ग्रंथालय अधिकारी होते.’ ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तिच्या बाबांनी काही वर्षांपूर्वी कुलवृत्तांतासारखी एक छोटी पुस्तिका छापून नातेवाइकांत वाटली, तिच्यातही ती आहे. बाहेरच्या खोलीत पणजोबांचा फोटो आहे, काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. प्रसादाला आलेल्या पाहुण्यांनाही तो दाखवला जात होता.

मी तिला विचारलं, “हे वाक्य कशावरून?”

“अहो मावशी, हे घरचंच आहे!”

“घरचं असलं तरी संदर्भ लागतो.”

तिचे बाबा समोरच बसले होते. त्यांचा चेहरा थोडा उतरला. मला वाटलं, उगीच बोलले. पण मुलगी हट्टी निघाली. दुसऱ्या रविवारी ती माझ्या घरी वही घेऊन हजर झाली, आणि मग चार रविवार आमचे त्यात गेले.

पहिल्या रविवारी मी तिला काहीच शोधू दिलं नाही. फक्त प्रश्न लिहायला लावला. ‘बडोद्याची ग्रंथालय चळवळ’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. शाळेत आपण मुलांना ‘प्रोजेक्ट’ करायला लावतो तेव्हा हीच सवय लावतो. विषय द्यायचा, झेरॉक्सच्या दुकानातून चार चित्रं आणि सहा पानं छापून आणायची, स्पायरल बाइंडिंग करून वर नाव टाकायचं. त्यात शोधायचं असं काहीच नसतं, म्हणून मुलं शोधायला शिकत नाहीत. तासभर भांडून आमचा प्रश्न ठरला : गावोगाव पाठवल्या जाणाऱ्या फिरत्या पुस्तकपेट्या कोणासाठी होत्या आणि त्या चालवत कोण होतं? आता यात पणजोबाही आले आणि चळवळही.

ज्यांना हा इतिहास माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलं वाचायला शिकली, पण शाळा सुटली की वाचायला काही हाती नाही, मग शिकलेलं विसरायचं, असं होऊ नये म्हणून ग्रंथालयं. त्यासाठी १९१० मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनहून विल्यम अॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, ग्रंथपालांचे प्रशिक्षण वर्ग सुरू केले, वर्गीकरणाची स्वतःची एक पद्धत बसवली आणि १९१३ मध्ये ते परत गेले. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचं नियतकालिक इथून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. मांडवीजवळची आजची मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत मात्र नंतरची, १९३१ सालची. तिथल्या पोलादी मांडण्या आणि मजल्यांच्या काचेच्या फरशा ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांनी जरूर पाहाव्यात. वरचा उजेड फरशीतून खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून ती काच आहे. लहानपणी आम्हाला तिच्यावर पाय ठेवायची भीती वाटायची.

दुसरा रविवार शब्दांचा. हा भाग मला सर्वांत प्रिय, आणि मुलांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो तोही हाच. मुलगी शोधयंत्रात ‘वडोदरा लायब्ररी’ इंग्रजीत टाकत होती आणि तेच ते पर्यटनाचे मजकूर येत होते. मी म्हटलं, १९१५ सालच्या माणसाने काय लिहिलं असतं ते लिही. तेव्हा ‘वडोदरा’ इंग्रजीत कोणी लिहीत नव्हतं, ‘बरोडा’ लिहीत. मराठीत बडोदें, शेवटी अनुस्वार. ‘गायकवाड’ हे नाव तर इंग्रजीत निदान चार प्रकारे सापडतं, आणि जुन्या सरकारी पुस्तकांत शेवटी ‘ड’ऐवजी ‘र’ असतो, ‘गायकवार’ असा. तो ‘र’ ज्याला ठाऊक नाही त्याच्यापासून निम्मी पुस्तकं लपून राहतात. ग्रंथालयाला मराठीत वाचनालय, ग्रंथसंग्रहालय, पुस्तकालय, गुजरातीत पुस्तकालय, फिरत्या ग्रंथालयाला ‘फरतुं पुस्तकालय’. आम्ही वहीचं एक पान उभं आखलं आणि एकेका गोष्टीची सगळी नावं तीन भाषांत लिहिली. आपल्या बडोद्याच्या मुलांना ही एक देणगीच आहे. मराठी घरात, गुजराती रस्त्यावर, इंग्रजी वर्गात. पुण्याच्या विद्यार्थ्याला जी गुजराती कागदपत्रं बंद, ती यांना उघडी. सयाजीरावांनी तर १९३१ मध्ये ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोशच काढला होता. एखाद्या खात्याला किंवा हुद्द्याला तेव्हा काय म्हणत हे शोधायचं असेल तर असला कोश हाताशी हवा.

मग कोशांकडे वळलो. मराठी विश्वकोश आता घरबसल्या वाचता येतो, केतकरांचा ज्ञानकोशही संकेतस्थळावर आहे. मुलगी म्हणाली, “पण मॅडम म्हणतात विश्वकोशाचा संदर्भ द्यायचा नाही.” मॅडम बरोबर आहेत आणि नाहीतही. विश्वकोशात राहायला जायचं नसतं, तिथून वाट विचारायची असते. नोंद वाचायची, त्यातली नावं, सालं, संज्ञा टिपायच्या आणि पुढे निघायचं. केतकरांचा ज्ञानकोश तर शंभर वर्षांपूर्वीचा, त्यातले आकडे आजचे म्हणून वापराल तर फसाल. पण त्या काळचा सुशिक्षित माणूस काय समजत होता हे जाणून घ्यायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मराठीत एखाद्या विषयावर पूर्वी काय छापलं गेलं हे पाहायचं तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. पहिला खंड १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांचा. त्यांनी ती केवढ्या कष्टाने केली असेल ते एक पान उलटलं तरी कळतं.

त्याच दिवशी ‘पहिलं’ या शब्दावर आमचं थोडं वाजलं. खर्ड्यात होतं, ‘भारतातले पहिले सार्वजनिक ग्रंथालय बडोद्यात सुरू झाले.’ दहा संकेतस्थळांवर हेच वाक्य होतं, म्हणून तिला ते दहा वेळा सिद्ध झाल्यासारखं वाटत होतं. मी विचारलं, या दहा जणांनी एकमेकांचं पाहून लिहिलं असेल तर साक्षीदार किती? ती गप्प. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. पणजीचं ग्रंथालय १८३२ चं, पोर्तुगीज अमदानीतलं. कलकत्त्याची पब्लिक लायब्ररी १८३६ ची, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ ची. मग बडोद्याचं ‘पहिलं’ काय? संपूर्ण राज्यभर, शहरापासून खेड्यापर्यंत, सरकारी खात्याने चालवलेली मोफत ग्रंथालयांची साखळी. हे वाक्य लांब आहे, छातीवर मिरवायला गैरसोयीचं आहे, पण सयाजीरावांचं मोठेपण त्यातच आहे. आणि तेही एकट्या राजवाड्यातून आलं नाही. चरोतरात मोतीभाई अमीन यांनी बोर्डन येण्याआधीच मित्रमंडळ वाचनालयं चालवली होती. मराठी लेखनात त्यांचं नाव फारसं येत नाही, गुजरातीत ते ठळक आहे. दोन्ही भाषा वाचल्या म्हणून ते आमच्या वहीत आलं.

तिसऱ्या रविवारी मी तिला ग्रंथालयात नेलं. तिथे गेल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे मोबाइल काढला. मी तो पिशवीत टाकला. तालिकेत क्रमांक शोधून मांडणीपाशी गेलो आणि हवं ते पुस्तक तिने ओढून काढलं, निघाली. “थांब. डावीकडची चार बघ आणि उजवीकडची चार.” ड्यूई पद्धतीत विषय शेजारी-शेजारी बसवलेले असतात. भारताचा इतिहास ९५४ मध्ये, ग्रंथालयशास्त्र ०२० च्या घरात. मराठी साहित्य ८९१.४६ आणि त्याला अगदी लागून ८९१.४७ मध्ये गुजराती. दांडिया बाजारातल्या वाड्यासारखं. भिंतीला भिंत. तुम्ही जे शोधायला आलात त्याच्या शेजारी ते पुस्तक उभं असतं ज्याचं अस्तित्वच तुम्हाला माहीत नव्हतं. हे सुख पडद्यावर मिळत नाही. तिला तिथे न्यूटन मोहन दत्त यांचं १९२८ सालचं ‘बरोडा अँड इट्स लायब्ररीज’ दिसलं, जे तिच्या चौदात नव्हतंच.

पुस्तक हातात आल्यावर ती पान एकपासून वाचायला बसली. तेही नाही. आधी अनुक्रमणिका, मग शेवटची शब्दसूची, मग तळटिपा. मराठी पुस्तकांविषयी माझी जुनी तक्रार आहे, शब्दसूची नसते. पाचशे पानांचा चरित्रग्रंथ लिहायचा आणि वाचकाला सांगायचं, शोध आता! प्रकाशकांचा काय खर्च वाचतो कोण जाणे. असो. तळटीप म्हणजे लेखकाने मागे ठेवलेली पाऊलखूण. एका चांगल्या पुस्तकाच्या तळटिपांतून पुढची पाच पुस्तकं मिळतात. प्रबंधांचंही तसंच. ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएच. डी.चे प्रबंध मोफत ठेवलेले आहेत. ते सांभाळणारी संस्था गांधीनगरला, म्हणजे आपल्या उंबऱ्याशी. पूर्ण प्रबंध वाचू नका हवं तर, पण त्याच्या शेवटची संदर्भसूची नक्की वाचा. कोणीतरी चार-पाच वर्षं घालवून तुमच्यासाठी रस्ता झाडून ठेवलेला असतो.

ग्रंथपालाशी कसं बोलावं तेही सांगून टाकते, कारण काउंटरच्या त्या बाजूला माझं आयुष्य गेलं. “सयाजीरावांवर काही आहे का?” असं विचारलं की आम्ही एका कपाटाकडे बोट दाखवतो. “१९११ ते १९३५ मधले संस्थानचे वार्षिक कारभार अहवाल आहेत का, मला ग्रंथालय खात्याचा भाग बघायचा आहे,” असं विचारलं की आम्ही खुर्चीवरून उठतो. तोही माणूसच आहे. प्रश्न नेमका असला की त्यालाही हुरूप येतो.

अहवालांचे काही खंड आम्हाला इंटरनेट आर्काइव्हवरही मिळाले. इथे मी तिला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली : अहवाल हा मूळ कागद आहे म्हणून तो देववाणी नव्हे. खात्याने स्वतःच्या कामाचं लिहिलेलं आहे. कुडाळकर काय, दत्त काय, दोघेही त्याच खात्याचे अधिकारी. ते आपल्या खात्याचं वाईट कशाला लिहितील? पेट्या किती पाठवल्या हे त्यात मिळेल, त्या गावात उघडल्या गेल्या का हे मिळेलच असं नाही. त्यासाठी तेव्हाची वृत्तपत्रं बघायची, ‘श्रीसयाजीविजय’सारखं इथलं मराठी साप्ताहिक बघायचं, कोणाची पत्रं, आठवणी बघायच्या.

आणि आम्ही पाहिलेल्या खंडांत पणजोबांचं नाव कुठेही नव्हतं.

ती म्हणाली, “सगळ्यांचीच नावं थोडी असतात? वरिष्ठांचीच आहेत.” बरोबर. नाव नाही याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही. पण मग ‘बोर्डन यांचे निकटचे सहकारी’ कसं? मी म्हटलं, एक साधी गोष्ट आपण केलीच नाही. दोन तारखा शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. पणजोबांचा जन्म कधीचा?

ते तिच्या आजीला विचारावं लागलं. आजींचं वय ८४, पणजोबा म्हणजे त्यांचे सासरे. त्यांनी ट्रंकेतून एक गुंडाळी काढली. जन्मपत्रिका. शके १८२९, संवत १९६३, वैशाख. नात माझ्याकडे बघायला लागली. मुलांनो, हे पाठच करून ठेवा : शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फक्त जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या दिवसांना ७९ मिळवायचे. गुजरातच्या संवताचं वर्ष दिवाळीपासून, म्हणून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा करायचे आणि एरवी ५६. जुन्या मराठी आणि गुजराती पुस्तकांच्या मुखपृष्ठावर निम्म्या वेळा असंच साल असतं, आणि शकाचं साल तसंच उतरवून मुलं पुस्तक पाऊणशे वर्षांनी जुनं करून टाकतात. वैशाखाला १८२९ अधिक ७८, किंवा १९६३ वजा ५६, दोन्हीकडून उत्तर एकच. १९०७.

बोर्डनसाहेब १९१३ मध्ये बडोदं सोडून गेले. पणजोबा तेव्हा सहा वर्षांचे होते.

खोलीत कोणी काही बोललं नाही. तिच्या बाबांनी मान खाली घातली. त्यांच्या पुस्तिकेच्या दोनशे प्रती नातेवाइकांच्या घरी आहेत. ते म्हणाले, “आता हे प्रबंधात कशाला? तो परिच्छेद काढून टाक, संपलं.” मला त्यांचंही म्हणणं समजत होतं. लेक म्हणाली, “बाबा, पेटीचं काम ते करत होते की नव्हते, तेवढं तरी मला कळायला हवं.” आणि तिने आजीसमोर मोबाइल ठेवला, ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि मी शिकवलं होतं तसं आधी तारीख, जागा, आजींचं पूर्ण नाव बोलली.

तिने एक गोष्ट मात्र माझ्याकडून न शिकता केली. ‘पणजोबा अधिकारी होते ना?’ असं विचारलं नाही. विचारलं, “आजी, मामंजी कामावर जाऊन काय करायचे, असं ते तुम्हाला सांगायचे?”

आजी १९६१ साली या घरात लग्न होऊन आल्या. सासरे १९७९ पर्यंत होते. अठरा वर्षं त्यांनी सासऱ्यांना दुपारचा चहा दिला आणि चहाबरोबर गोष्टी ऐकल्या. त्या म्हणाल्या, अधिकारी कसले, शिपाई होते ते. खेड्यांतून पुस्तकांच्या पेट्या परत आल्या की उघडायच्या, यादीशी पुस्तकं ताडून बघायची, झटकायची, फाटलेली बाजूला काढायची, पुन्हा भरून कुलूप लावायचं. पुस्तकांतून काय काय निघायचं ते सासरे सांगत. चिंचोके, मोराचं पीस, विडीची थोटकं, एकदा कोणाचं तरी लग्नाचं पत्र. कोपऱ्यांना हळदीचे डाग असले की ते म्हणत, हे पुस्तक बायकांनी वाचलंय. जी पेटी अगदी स्वच्छ परत यायची तिचं त्यांना वाईट वाटायचं. कुणी उघडलीच नाही, म्हणायचे.

“मग बोर्डनसाहेब कुठून आले?” मी विचारलं.

आजी हसल्या. “अगं, ते नेहमी म्हणायचे, बोर्डनसाहेबाची पेटी. पेटीला म्हणायचे तसं. पुढे पोरांनी साहेबाला पेटीतून बाहेर काढलं आणि शेजारी बसवलं!”

त्या हळदीच्या डागांवर मी तीन दिवस विचार करत होते. कुडाळकरांत नाही, दत्तांत नाही, अहवालात नाही. पेट्या कोण वाचत होतं या आमच्या प्रश्नाला इतकं जवळ जाणारं दुसरं काही आम्हाला मिळालं नव्हतं. अर्थात यालाही मर्यादा आहे, आणि ती मी तिला लिहायला लावली. ही ऐकीव आठवण आहे, सांगणाऱ्याने सांगितलेली, ऐकणारीने साठ वर्षांनी पुन्हा सांगितलेली. एका शिपायाने काढलेला तर्क आहे. हळद पुरुषाच्या हातालाही लागते. तो पुरावा म्हणून नको, साक्ष म्हणून मांडायचा, आणि वाचणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे की कुठवर कागद बोलतो आणि कुठून आजी बोलतात.

चौथ्या रविवारी तिने नवा खर्डा आणला. संदर्भ चौदाऐवजी अकरा. प्रत्येकापुढे पान क्रमांक, आणि प्रत्येक पान तिने स्वतः उघडलेलं. यासाठी मी तिला कार्डं करायला लावली होती. एका कार्डावर एकच मुद्दा, वर पुस्तक आणि पान, आणि लेखकाचे शब्द अवतरणचिन्हात, स्वतःचे चिन्हाबाहेर. ज्यांना कागद नको त्यांनी झोटेरोसारखी मोफत प्रणाली वापरावी, हरकत नाही. पण पान क्रमांक तेव्हाच लिहा. “नंतर शोधेन” म्हणून सोडलेला पान क्रमांक शोधत मी कित्येक मुलांना सादरीकरणाच्या आदल्या रात्री रडताना पाहिलं आहे.

प्रस्तावनेतलं वाक्य बदललेलं होतं. आता तिथे होतं : ‘माझे पणजोबा बडोदा संस्थानच्या ग्रंथालय खात्यात शिपाई होते.’ खाली तळटीप, कौटुंबिक मुलाखत, तारीख, ठिकाण. आणि पुढे कंसात, की पाहिलेल्या अहवालांत याला दुजोरा मिळाला नाही, खात्याची सेवापुस्तकं पाहणं बाकी आहे.

बाबांनी ते वाचलं. बराच वेळ पान उलटलं नाही. मग म्हणाले, “सेवापुस्तकं कुठे मिळतील गं?” त्यावर बाप-लेक आता अर्ज लिहितायत, मोडीत काही निघालं तर वाचायचं कोणी, यावरून वादही सुरू झालेत.

आजींनी मात्र तळटीप भिंगातून वाचली आणि त्यांना ती पसंत पडली नाही. “माझं नाव लिहिलंस ते बरं केलंस. पण पुढे माहेरचं आडनाव पण घाल. आणि चौऱ्याऐंशी कशाला, मला अजून त्र्याऐंशीच आहेत, पूर्ण व्हायला श्रावण उजाडायचाय.”

नातीने दुरुस्ती केली. जन्मपत्रिका बघून.